मागच्या इमारतीची अर्धी जागा

ऑस्ट्रेलिया आशियात आहे हे ऐकलं आणि आईच्या हातातला डाव हवेतच थांबला.

"कधी गेला?" तिने विचारलं. "परवाच सातवीला शिकवून आले. तेव्हा तर होता तिथेच."

"फुटबॉलपुरता गेलाय, आई. तिकडे तोडीचे प्रतिस्पर्धी मिळेनात, म्हणून आशियाच्या गटात आले. गयाना आणि सुरीनामचंही तसंच. नकाशात दक्षिण अमेरिकेत, पण खेळतात उत्तर आणि मध्य अमेरिकेच्या गटात."

आई शाळेत भूगोल शिकवते. खंड असा अर्ज करून बदलता येतो ही कल्पना तिला इतकी असह्य झाली, की तिने बाबांच्या ताटात दोनदा वाढलं. बाबांना पत्ता नव्हता. ते वेगळ्याच विचारात होते.

हे सगळं सांगणारा त्यांचा मुलगा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. त्याच्या तोंडून पूर्ण आकडा म्हणून कधी निघत नसे. घर बसथांब्यापासून किती लांब, असं कुणी विचारलं तर तो आधी "कुठल्या दारापासून?" असं विचारायचा आणि मग पुढचं सांगायचा. त्यामुळे सगळी वसाहत त्याला दशांश म्हणत असे. सुरुवातीला चिडवायला म्हणायचे. पुढे त्याच्या नावाने आलेली पत्रंसुद्धा पोस्टमन "दशांशकडे द्या" म्हणून खाली ठेवू लागला.

"ते ऑस्ट्रेलियाचं राहू दे," बाबा म्हणाले. "उरलेल्या ओशेनियाला विश्वचषकात जागा किती?"

"एक."

"पूर्ण?"

"आता पूर्ण. आधी अर्धीच होती. म्हणजे आपल्या भागात पहिलं येऊनही दुसऱ्या खंडातल्या एखाद्या संघाला हरवावं लागायचं. मगच प्रवेश."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. "बघा! समुद्रातल्या बेटांनासुद्धा पूर्ण जागा मिळाली. आणि आपण अजून अर्ध्यावर!"

इथे 'आपण' म्हणजे देश नव्हे. आपण म्हणजे मागची इमारत.

वसाहतीत इमारती चार. पुढचा टॉवर, त्याच्या शेजारची जोडइमारत, रस्त्याकडची इमारत, आणि सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या टाकीला खेटून, मागची. दरवर्षी वसाहतीचा फुटबॉल चषक व्हायचा. संघ सहा-सहा जणांचे, आणि मैदान एकच दिवस मिळायचं, म्हणून जागा आठ. टॉवरला चार, जोडइमारतीला दोन, रस्त्याकडच्यांना दीड आणि मागच्यांना अर्धी. दोन अर्ध्या मिळून एक, म्हणून रस्त्याकडचा दुसरा संघ आणि मागच्यांचा एकुलता एक संघ यांची आदल्या संध्याकाळी गाठ पडायची. मागची इमारत हरायची. बाबा त्या संघाचे गोलकीपर. तरुणपणापासून ते दर वर्षी अर्ध्या जागेवर उभे राहिले होते आणि चषकाच्या दिवशी मैदानाबाहेर खुर्ची टाकून बसले होते. विमा कार्यालयात त्यांना सगळे मान देत. पण टॉवरची पोरं त्यांना 'ओशेनियाकाका' म्हणत, हे त्यांना माहीत होतं.

आणि यंदा गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा शेवटचा हंगाम. यानंतर उडी मारलीत तर मी फोन उचलणार नाही.

"पण मुळात या जागा ठरवतात कशावर?" बाबांनी विचारलं. "ताकदीवर की संख्येवर?"

झालं. दशांशला असा प्रश्न विचारणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक सोडणं. दक्षिण अमेरिकेत संघ दहाच, त्यांतले सहा थेट जातात, आफ्रिकेत पन्नासच्या वर देश आणि जागा नऊ, आशियात चाळीसच्या वर, जागा आठ, युरोपला सोळा. मग न्याय कशाला म्हणायचं? दर देशामागे समान संधी, की जगातले सर्वांत बलाढ्य संघ निवडायचे? आणि बलाढ्य ठरवायचे कसे? तो जेवण संपवून बोलत होता, हात धुताना बोलत होता, कचरा खाली ठेवायला जाताना जिन्यात बोलत होता. जिन्यात सेक्रेटरी उभे होते.

सेक्रेटरी म्हणजे वसाहतीच्या कमिटीचे. त्या आठवड्यात जोडइमारतीने तिसरी जागा मागितली होती, टॉवरने पाचवी, आणि दोघांनीही एकमेकांचं पार्किंग अडवलं होतं. सेक्रेटरी रडकुंडीला आले होते. त्यांनी दशांशचं अर्धंच वाक्य ऐकलं आणि त्याचे दोन्ही हात, कचऱ्याच्या डब्यासकट, हातात घेतले.

"तू शास्त्रातला माणूस. यंदा जागा तूच वाट!"

"काका, मला जरा विचार करायला—"

"कर, कर. फलकावर लावून येतो तोपर्यंत."

बातमी घरी त्याच्या आधी पोचली. बाबा दारातच उभे होते, छाती पुढे काढून.

"एक गोष्ट आत्ताच सांगतो. मुलाच्या वशिल्याने मिळालेली जागा मला नको."

"अहो, तो देतोय कुठे?" आई आतून म्हणाली.

"दिली तरी नको!" असं म्हणून बाबा आत गेले. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आले. "तरीपण, साधारण किती बसतेय?"

दशांशने जुने निकाल जमवले. रीत सोपी होती. जिंकला की संघाचे गुण वाढतात, हरला की घटतात. आपल्याहून बलवान संघाला हरवलं तर जास्त वाढतात, लिंबूटिंबूला हरवलं तर थोडेच. मग इमारतीतल्या संघांची ताकद एकत्र करायची आणि आठ जागा त्या प्रमाणात वाटायच्या. त्याने आकडे घातले आणि उत्तर आलं. त्याला ते लपवायला हवं होतं. पण तो दशांश होता.

"शून्य पूर्णांक चार तीन," तो म्हणाला.

बाबा उठून गॅलरीत गेले. अर्ध्याचंही कमी झालं होतं, आणि तेही पोटच्या पोराने केलं होतं. दुसऱ्या दिवशी आईने "वाढू का?" म्हणून विचारलं तर ते म्हणाले, "वाढ. शून्य पूर्णांक चार तीन चमचे." कार्यालयातून फोन आला तर म्हणाले, "येतो, पण पूर्ण येणार नाही." घरात नुसता उच्छाद मांडला त्यांनी.

सल्ल्यांना तर ऊत आला. समोरच्या मावशी खिडकीतून ओरडल्या, "मैदानाला टाकीच्या बाजूला उतार आहे रे, तो धर!" रस्त्याकडचे निवृत्त हवालदार म्हणाले, मैदानावरची शिस्तही मोजायला हवी. मागच्याच इमारतीतले शिंपीकाका, संघाचे डावीकडचे आघाडीवीर, त्यांनी खांद्यावर टेप टाकून विचारलं, "उंची-छाती घेऊन देऊ का सगळ्यांची? ताकदीचंच माप आहे ना?" दशांशने सगळ्यांचे आभार मानले. आभार मानल्यामुळे आपला सल्ला स्वीकारला गेला असं प्रत्येकाला वाटलं, आणि त्यातून पुढे बरीच भांडणं झाली.

खोट सापडली ती प्रयोगशाळेत. दशांशपुढे पाण्याच्या दोन टाक्यांचे नमुने होते. दोन्ही टाक्यांत पाणी किती खोल आहे ते लिहून आलं होतं. पण एक टाकी टेकडीवरची, एक खालची. दोन्हींना जोडणारी नळीच नसेल तर कुणाचं पाणी वर आणि कुणाचं खाली, हे खोली मोजून कसं कळणार? तो ताडकन उठला. स्टूल मागे पडलं. त्याच्या साहेबीण बाईंना वाटलं विषारी काहीतरी सापडलं.

"नळीच नाहीये, मॅडम!"

"कुठली?"

"टॉवरची!"

चषकाचा एक दिवस सोडला तर टॉवरचे संघ वर्षभर टॉवरच्याच संघांशी खेळत. एक जिंकला की दुसरा हरला. एकाचे गुण वाढले, दुसऱ्याचे घटले. टाकीतलं पाणी टाकीतच हिंदकळत राहिलं. जगातही हेच दुखणं होतं. खंडातले देश बहुतेक आपसांतच खेळतात, आणि खंडाखंडांची तुलना अवलंबून राहते ती मोजक्या आंतरखंडीय सामन्यांवर. मागच्या इमारतीचे तर गुणच मुळी वर्षाकाठी एका सामन्यावर ठरत होते! शून्य पूर्णांक चार तीन हे उत्तर चूक नव्हतं; ते उत्तरच नव्हतं. आनंदाने त्याचे कान लाल झाले. आता एकच करायचं होतं: चषकाआधी इमारतींचे एकमेकींशी मैत्रीपूर्ण सामने लावायचे.

बाबांना हे कळलं तेव्हा ते आरशासमोर उभे होते. "म्हणजे टॉवर आमच्याशी खेळणार? आमच्याशी? पूर्ण सामना?"

"तुम्ही सगळ्यांशी खेळणार."

बाबांनी गुडघ्याला पट्टा बांधायला घेतला. सामने अजून ठरलेही नव्हते.

मैदान खात्याच्या कार्यालयात एक चष्मेवाले साहेब बसत. त्यांनी दशांशचा परवानगीचा अर्ज वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा वाचला.

"मैत्रीपूर्ण असा प्रकार नाही आमच्याकडे. स्पर्धा म्हणावं तर बक्षीस कुठाय? सराव म्हणावं तर दुसरा संघ कशाला?"

"मग काय लिहू?"

"'इतर' लिहा. आणि कारण सविस्तर लिहा. खरं लिहा."

हे त्यांनी दशांशला सांगायला नको होतं. त्याने खरं आणि सविस्तर लिहिलं: इमारतींच्या तुलनात्मक ताकदीचे प्रायोगिक मापन. साहेबांची भुवई वर गेली.

"प्रयोग? नोकरी कुठे करता?"

"पाणी तपासणी प्रयोगशाळेत."

"रसायनं वापरणार?"

"नाही हो. नुसता फुटबॉल."

"हवा भरलेला?"

"अर्थात."

"म्हणजे दाबाखालचा वायू." साहेबांनी शांतपणे शिक्का उचलला. "सुरक्षा निरीक्षक हजर राहतील. परवानगी त्या अटीवर."

टॉवरविरुद्धच्या सामन्याला खरोखरच सुरक्षा निरीक्षक हजर राहिले. त्यांच्याबरोबर लाल फित होती आणि अग्निशामक नळकांडं होतं. ते त्यांनी बाबांच्या गोलमागे ठेवलं आणि जाहीर केलं, प्रयोगक्षेत्रात डोक्यावर हेल्मेट घातल्याशिवाय कुणी यायचं नाही. दोन्ही बाजूंचे बारा जण घरोघर पळाले आणि स्कूटरची, मोटरसायकलची, एक तर लहान मुलांच्या सायकलची, अशी हेल्मेटं घेऊन आले.

टॉवर हसत हसत खेळायला आला होता. मैत्रीपूर्ण म्हटल्यावर त्यांनी थर्मासमधून चहा आणला होता, बायका-मुलं आणली होती. त्यांचा कप्तान पुलांचा इंजिनीअर; तो दशांशच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय रे दशांश, आज ओशेनियाला किती गोल चालतील? पूर्णांकात सांग."

मागच्या इमारतीला मात्र मैत्रीपूर्ण म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्यांच्याशी आजवर मैत्रीने कुणी खेळलं नव्हतं. त्यांच्या लेखी हा विश्वचषकच होता. शिंपीकाका सुईसारखे घुसत होते. नळवाला आणि त्याचा मेहुणा मागे भिंत होऊन उभे राहिले. आणि बाबा! पट्टा बांधलेला गुडघा, डोक्यावर स्कूटरचं पिवळं हेल्मेट, आणि त्याच्या काचेआडून चमकणारे डोळे. इंजिनीअरने एक सणसणीत फटका मारला; तो थेट हेल्मेटवर आदळून टाकीच्या बाजूला गेला. निरीक्षकांनी समाधानाने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. टॉवरवाल्यांना हेल्मेटातून बाजूचं दिसेना, ते एकमेकांवर आपटू लागले. शेवटी मैदानाच्या उताराने घरंगळत निघालेला एक चेंडू शिंपीकाकांनी आत ढकलला. मावशी खिडकीतून किंचाळल्या, "उतार! मी म्हटलं होतं ना!"

मागची इमारत एक, टॉवर शून्य. बाबा हेल्मेट काढायला तयार होईनात. तसेच जेवायला बसले.

जोडइमारतीशी बरोबरी झाली. रस्त्याकडच्यांच्या दुसऱ्या संघाला, ज्याच्याकडून दरवर्षी हार खायची त्यालाच, त्यांनी दोन गोलांनी लोळवलं. मग जागावाटपाची सभा भरली. सेक्रेटरींच्या घरातल्या भिंतीवर दशांशने प्रोजेक्टरने आकडे दाखवले. बाबा शेवटच्या रांगेत बसले होते, हाताची घडी घालून, आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने. त्यांचा पाय मात्र थांबत नव्हता.

"टॉवर तीन पूर्णांक सात. जोडइमारत एक पूर्णांक आठ. रस्त्याकडची एक पूर्णांक तीन. मागची..." दशांशने आकड्यावर बोट ठेवलं. "मागची एक पूर्णांक दोन. म्हणजे टॉवरला चार, जोडइमारतीला दोन, रस्त्याकडच्यांना एक आणि मागच्यांना एक. पूर्ण. थेट."

बाबांचा पाय थांबला.

पुढच्याच क्षणी जोडइमारतीतून कुणीतरी ओरडलं, "बापाला जागा दिली!" आणि खोलीत एकच गिल्ला झाला. रस्त्याकडचे हवालदार उभे राहून शिट्टी वाजवू लागले. बाबांचा चेहरा उतरला. ते उठून निघालेच होते.

दशांशच्या अभिमानाला मात्र ठेच लागली होती. बेरीज चुकली म्हणा, तो ऐकून घेईल, पण पक्षपात? "उलट!" तो ओरडला. "कुणी बोट ठेवू नये म्हणून मी माझ्या वडिलांचे सगळे सामने निम्म्याच वजनाने धरलेत!"

टॉवरचा कप्तान सावकाश पुढे आला. पुलांचा इंजिनीअर असल्याने बेहिशेबी गोष्ट त्याला सहन होत नसे. त्याने भिंतीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले.

"निम्मं वजन? कशाच्या आधारावर?"

"नैतिक आधारावर."

"नैतिक? अरे, उद्या मी एका खांबावरचा भार नैतिक कारणासाठी निम्मा धरला तर पूल राहील का जागेवर? हे शास्त्र आहे की मनाची समजूत? आत्ताच्या आत्ता पूर्ण वजन धर!"

"पण लोक म्हणतील—"

"लोकांना घाल चुलीत! आकडा नीट कर!"

दशांशने आकडा नीट केला. सगळ्यांसमोर. नवं उत्तर उमटलं आणि ते आधी कळलं ते इंजिनीअरला, कारण त्याचंच तोंड आधी उघडं पडलं. टॉवर तीन पूर्णांक चार. जोडइमारत एक पूर्णांक सात. रस्त्याकडची एक पूर्णांक एक. मागची इमारत एक पूर्णांक आठ.

"टॉवरला तीन," दशांश पुटपुटला. "जोडइमारतीला दोन. रस्त्याकडच्यांना एक. आणि मागच्यांना... दोन."

टॉवरच्या रांगेतून सगळे आपल्या कप्तानाकडे बघू लागले. इंजिनीअर बिचारा घाम पुसत म्हणाला, "आकडा बरोबर आहे," आणि खाली बसला. तो पुढे महिनाभर टॉवरच्या लिफ्टमधून एकटाच जात असे म्हणतात.

बाबा शेवटच्या रांगेत अजून उभेच होते. "दोन?" ते म्हणाले. "दोन पूर्ण?" मग त्यांनी खाली बसण्यासाठी खुर्ची शोधली, आणि ती नसलेल्या ठिकाणी बसले.

आनंद घरी पोचेपर्यंत टिकला. जिन्यातच नळवाल्याने विचारलं, "काका, दोन जागा म्हणजे संघही दोन लागणार ना?" मागच्या इमारतीत खेळणारी माणसं होती सहा. लागणार होती बारा. घरोघर फिरून भरती सुरू झाली. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर तयार झाले, पण कुणाचा दात पडला तर धंद्यासाठीच पाडला म्हणतील, अशी त्यांना भीती वाटत होती. त्यांची बायको आली, कॉलेजातल्या दोन जुळ्या बहिणी आल्या. दुसऱ्या संघाला गोलकीपर नव्हता. सगळ्यांनी दशांशकडे पाहिलं.

"मी? मी आयुष्यात चेंडू अडवला नाहीये."

"जागा वाढवताना विचार करायचा होतास," शिंपीकाका म्हणाले आणि त्याची उंची-छाती मोजू लागले.

त्या दोघी जुळ्या, दातांचं जोडपं, दशांश. एक माणूस कमीच पडत होता. आईने पदर खोचला. "मी येते. खंड बदलतात तर मी पण संघ बदलते."

"अगं, माझ्या संघात ये ना!" बाबा म्हणाले.

"तुमच्यात सहा झालेत. आणि याच्या मागे कुणीतरी उभं राहायला नको?"

सोडत निघाली सेक्रेटरींच्या हातून, वाटीत चिठ्ठ्या टाकून. पहिलीच जोडी वाचली गेली: मागची इमारत पहिला संघ, विरुद्ध मागची इमारत दुसरा संघ. दशांशने कपाळावर हात मारला. विश्वचषकाच्या सोडतीत एकाच खंडाचे संघ शक्यतो एका गटात येऊ देत नाहीत, हे त्याला झोपेतसुद्धा माहीत होतं. नियम फक्त लिहून द्यायचा राहिला होता. आजवर मागच्या इमारतीचे दोन संघ असण्याचा प्रश्नच आला नव्हता!

चषकाच्या दिवशी बाबा सर्वांच्या आधी मैदानावर पोचले. बाहेर त्यांची नेहमीची खुर्ची कुणीतरी सवयीने मांडून ठेवली होती. त्यांनी ती मिटवून मावशींना दिली आणि पांढरी रेषा ओलांडून आत गेले. गोलाच्या दोन्ही खांबांना हात लावून पाहिला. दशांशला समोरच्या गोलातून ते दिसले आणि त्याला पहिल्यांदाच काही मोजावंसं वाटलं नाही.

सामना मात्र बघण्यासारखा झाला. दातांचे डॉक्टर प्रत्येक धक्क्यानंतर समोरच्याची माफी मागत. जुळ्या बहिणींमधली कुठली कुठे आहे ते नळवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि आई! वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांकडे बघावं तशी ती शिंपीकाकांकडे बघायची, आणि शिंपीकाका चेंडू जागेवर सोडून बाजूला व्हायचे. वेळ संपली तरी गोल एकही नाही. पेनल्टी लागल्या. वसाहतीच्या नियमाप्रमाणे सहाही जणांनी मारायची, गोलकीपरांनीसुद्धा. पाच-पाच झाल्या, बरोबरी. उरले बाप आणि लेक.

आधी दशांशची पाळी. टॉवर, जोडइमारत, रस्त्याकडचे, सगळे रेषेवर येऊन उभे राहिले होते. त्याने चेंडू ठेवला, मागे गेला, बाबांकडे पाहिलं. ते वाकून, हात पसरून उभे होते, आणि त्यांच्या नजरेत मुलगाबिलगा कुणी नव्हता; समोर एक परका खंड उभा होता. दशांशने जीव खाऊन मारला. बाबांनी उजवीकडे झेप घेतली, चेंडूवर छाती टाकली आणि तो पोटाशी धरून तिथेच पडून राहिले. मैदानावर जो गोंगाट उसळला, त्याने टाकीवरची कबुतरं उडाली.

मग बाबा आले मारायला. चेंडू ठेवताना त्यांनी खालच्या आवाजात दटावलं, "सोडलास तर याद राख."

"नाही सोडणार," दशांश म्हणाला.

बाबा धावत आले. धावणं कसलं, गुडघा सांभाळत केलेली ती एक तातडीची चाल होती. पण फटका कोपऱ्याकडे गेला, खालून. दशांश झेपावला. जेवढा होता तेवढा सगळा झेपावला. चेंडू त्याच्या बोटांवर आपटला, बोटं मागे वळवून खांबाला लागला, आणि आत गेला.

क्षणभर कुणालाच कळेना, आनंद कुणी करायचा. बाबा स्वतःच करत नव्हते. ते लंगडत पुढे आले, चेहऱ्यावर संशय घेऊन.

"सोडलास?"

"नाही, बाबा."

"खरं सांग. बापावर दया करून सोडलास ना?"

दशांशने चिखलात बसल्या बसल्या हात वर केला. मधली दोन बोटं लाल होऊन टम्म फुगली होती. बाबांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली, हलकेच दाबली. दशांश कळवळला. आणि बाबांचा चेहरा उजळत गेला, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"सुजलीत!" ते ओरडले. "अगं, बघितलंस का? याची बोटं सुजलीत!"

"अहो, मग त्याला बर्फ—" आई म्हणाली. पण बाबा धावत सुटले होते. खरंच धावत. "अहो, गुडघा!" आई मागून ओरडली. "गुडघा! डॉक्टरांनी काय सांगितलंय!" तोवर ते मध्यरेषा ओलांडून टॉवरच्या गर्दीत शिरले होते, आणि दोन्ही हात वर करून, दिसेल त्याला थांबवून सांगत होते, "जीव तोडून गेला होता अडवायला! तरी घातला! विचारा त्याला! बोटं सुजलीत त्याची, बोटं!"